साडेतीन हजार एरर आले म्हणून स्टाईललिंट काढून टाकू नका

प्रश्न असा आहे की ६ जणांची टीम, ५ वर्षं जुना एससीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेचं वाढीव रूप), २२ हजारांच्या आसपास ओळी, प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी, शेवटी कंटाळून स्टाईललिंट, म्हणजे सीएसएसमधल्या चुका दाखवणारं टूल, बसवलं तर पहिल्याच रनला साडेतीन हजार एरर आले. आणि टीममधले सीनियर म्हणतायत की साइट चालतेय ना, मग ही नसती कटकट कशाला. तर लावावं का, आणि लावायचं तर सुरुवात कुठून करायची?

लावाच. मी १५ वर्षं फ्रंटएंडच करतोय आणि लिंटर (असं चुका दाखवणारं टूल) नसलेला मोठा प्रोजेक्ट मी आता हातात घ्यायलाच तयार होत नाही. पण तुम्ही जसं एका झटक्यात सगळं चालू केलंय तसं ठेवलं तर पंधरा दिवसांत कोणीतरी वैतागून पॅकेज काढून टाकणार हेही तितकंच नक्की, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते "साइट चालतेय ना" घेऊ, कारण सगळं तिथेच अडलंय. जावास्क्रिप्टमध्ये चूक केली तर कन्सोल लाल होतो, पान अर्धवट लोड होतं, काहीतरी आरडाओरडा होतोच. सीएसएस तसं नाही. ब्राउझरला एखादी प्रॉपर्टी कळली नाही की तो ती ओळ सोडून पुढे जातो, एक शब्दही बोलत नाही, आणि हे मुद्दाम तसं ठरवलेलं आहे, म्हणजे उद्या भाषेत नवीन गोष्ट आली तरी जुन्या ब्राउझरमध्ये पान कोसळू नये. व्यवस्था चांगलीच आहे पण तिची किंमत आपण भरतो. आपल्याकडे शाळेत कलर हा शब्द यू घालून लिहायला शिकवतात, त्यामुळे बॅकग्राउंड-कलर ही प्रॉपर्टी त्या ब्रिटिश स्पेलिंगनं लिहिलेली मी किती कोडमध्ये बघितलीय, सांगता येणार नाही. ब्राउझर ती मुकाट्यानं गिळतो. लिहिणाऱ्याला वाटतं रंग लागत नाहीये म्हणजे स्पेसिफिसिटीचा (कुठल्या सिलेक्टरचं वजन जास्त, याचा) घोळ असणार, मग तो सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लागू ते सांगणारा भाग, लांबवतो, तरी होत नाही, मग इम्पॉर्टंट, म्हणजे हीच ओळ जिंकू दे असा शेरा, टाकतो, तरीही होत नाही, शेवटी दुसऱ्याच एका क्लासमध्ये स्पेलिंग चुकून बरोबर लिहितो आणि काम होतं. पण तो लांबवलेला सिलेक्टर आणि तो इम्पॉर्टंट तिथेच राहतात. पाच वर्षांचा कोड घाण होतो तो असा, आळसामुळे नाही, तर चूक कळली नाही म्हणून. प्रॉपर्टी-नो-अननोन हा एक नियम त्या पहिल्या मिनिटालाच सांगतो की बाबा रे, अशी प्रॉपर्टीच नाही.

सीनियरना पटवायचं असेल तर इंडेंटेशन, स्वच्छ कोड वगैरे बोलू नका, हे दाखवा. ते शोभेचं नाही, बगचं काम आहे.

मला स्वतःला हे पटलं ते एका प्रवेश अर्जाच्या साइटवर. संस्थेचं नाव राहू दे. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर चुकला की खाली लाल अक्षरात सूचना यायची, आणि शेवटच्या दोन दिवसांत अचानक फोन सुरू झाले की बटण दाबतो पण काहीच होत नाही. आम्ही दोघं जण दुपारपर्यंत व्हॅलिडेशनचा कोड उलटापालटा करत बसलो, सर्व्हरचे लॉग बघितले, सगळं ठीक. मग मी सहज त्या रिकाम्या जागेवर माउसनं सिलेक्ट केलं तर तिथे मजकूर होता! अक्षरं होती, दिसत नव्हती. आदल्या दिवशी कोणीतरी लाल रंग लिहिताना #एफएफ०००० ऐवजी #एफएफ०० लिहिलं होतं, दोन शून्यं टाइप करायची राहिली. आता गंमत बघा, चार अंकी हेक्स, म्हणजे # लावून लिहिलेला रंगाचा कोड, हा सीएसएसमध्ये वैध आहे, चौथा अंक पारदर्शकतेचा असतो. म्हणजे तो रंग झाला पूर्ण पारदर्शक पिवळा. ब्राउझरनं दिलेलं काम चोख केलं. विद्यार्थ्यांनी मात्र कोऱ्या जागेकडे बघून पुन्हा पुन्हा बटण दाबलं.

नंतर मी त्या फाईलवर स्टाईललिंट चालवून बघितलं. कलर-नो-इनव्हॅलिड-हेक्स हा नियम चालू होता तरी ही चूक सापडली नाही, कारण ती इनव्हॅलिड नव्हतीच. पाच अंक लिहिले असते तर लगेच पकडलं असतं. मग शोधल्यावर कलर-हेक्स-अल्फा हा नियम मिळाला, त्याला नेव्हर दिलं की चार आणि आठ अंकी हेक्स बंद. तेव्हापासून तो माझ्या प्रत्येक कॉन्फिगमध्ये (नियमांच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) आहे. सांगायचं कारण एवढंच की तयार कॉन्फिग आणून चिकटवलं म्हणजे काम झालं असं होत नाही, तुमच्या टीमकडून कुठल्या चुका होतात ते बघून नियम वाढवावे लागतात.

आता तुमचे साडेतीन हजार. ते सगळे एकसारखे नसतात, घाबरू नका. आधी मोजा. कमांडला फॉरमॅटर म्हणून कॉम्पॅक्ट द्या, मग प्रत्येक एरर एका ओळीत येतो आणि ओळीच्या शेवटी कंसात नियमाचं नाव असतं, ते नाव काढून सॉर्ट करून मोजलं की कुठल्या नियमाचे किती हे दोन मिनिटांत समोर येतं. मी पैजेवर सांगतो की अर्ध्याहून जास्त आकडा दोन-तीन नियमांचाच निघेल.

त्यात पहिला संशयित सिलेक्टर-क्लास-पॅटर्न. स्टँडर्ड या तयार कॉन्फिगमध्ये क्लासचं नाव केबाब केसमध्येच पाहिजे, म्हणजे सगळी लहान अक्षरं आणि मध्ये एक डॅश. तुम्ही बेम वापरत असाल, म्हणजे कार्ड, दोन अंडरस्कोअर, टायटल अशी नावं, तर तुमचा प्रत्येक क्लास त्याला चुकीचा वाटणार. बेम ही यांडेक्स या रशियन कंपनीतून आलेली, जगभर चालणारी पद्धत आहे, ती सोडायची काहीच गरज नाही, नियमाचा रेग्युलर एक्स्प्रेशन (नाव कसं असावं हे सांगणारा नमुना) बदला किंवा सुरुवातीला नियमच बंद ठेवा. नियमानं टीमला वळण लावावं हे ठीक, पण टीमचं चांगलं वळण मोडू नये.

दुसरा संशयित म्हणजे नो-डिसेंडिंग-स्पेसिफिसिटी. हा नियम म्हणतो की जड सिलेक्टर वर आणि त्याच एलिमेंटचा हलका सिलेक्टर खाली असं लिहू नका, म्हणजे वर मेनूमधल्या लिंकचा नियम आणि खाली नुसत्या लिंकचा नियम असेल तर वाचणाऱ्याला वाटतं खालचा लागू होईल, पण जिंकतो वरचा. म्हणणं अगदी रास्त आहे. पण नेस्टिंग (एका नियमाच्या पोटात दुसरा नियम) केलेल्या जुन्या एससीएसएसमध्ये हा शेकड्यानं एरर देतो आणि प्रत्येक दुरुस्ती करताना ओळी वरखाली हलवाव्या लागतात, त्यात नवीन बग येतात. जुन्या कोडवर मी हा बंद ठेवतो. नवीन प्रोजेक्टवर पहिल्या दिवसापासून चालू.

तिसरं, तुम्ही कॉन्फिग कुठून घेतलं ते बघा. नेटवर मिळणारी बरीच कॉन्फिग जुनी आहेत, त्यात इंडेंटेशन २, कोलननंतर स्पेस, कर्ली ब्रेसआधी नवीन ओळ असले नियम असतात. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या स्टाईललिंट १५ मध्ये असे दिसण्याबद्दलचे ७६ नियम डेप्रिकेट केले, म्हणजे पुढे काढणार असं जाहीर केलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात १६ आलं त्यात काढूनच टाकले. त्यामुळे जुनं कॉन्फिग आणि नवीन व्हर्जन एकत्र आलं की अननोन रूल अशा तक्रारी दिसतात. माझ्या मते त्यांनी योग्य केलं. स्पेस किती, ओळ कुठे तोडायची हे काम प्रिटियर या कोडची मांडणी करणाऱ्या टूलला द्या, तो फाईल सेव्ह झाली की गुपचूप करून टाकतो, त्यावर रिव्ह्यूमध्ये एक शब्द बोलायची वेळ येत नाही. स्टाईललिंटनं चुकांकडे बघावं. दोघांनी एकाच गोष्टीवर भांडू नये म्हणून पूर्वी वेगळं पॅकेज लागायचं, १५ पासून तेही लागत नाही.

आणि एससीएसएसचं एक. १४ व्या व्हर्जनपासून, म्हणजे २०२१ पासून, स्टाईललिंट एससीएसएस आपोआप ओळखत नाही, त्याला सिंटॅक्स वेगळा सांगावा लागतो, नाहीतर मिक्सिन, इन्क्लुड, डबल स्लॅशच्या कॉमेंट अशा एससीएसएसच्या खास गोष्टींवर ते अडखळतं. स्टाईललिंट-कॉन्फिग-स्टँडर्ड-एससीएसएस हे एकच पॅकेज घेतलं की सिंटॅक्स, प्लगिन सगळं त्यातच येतं, साधं स्टँडर्ड वेगळं जोडू नका. तुमच्या एररमध्ये अननोन अॅट-रूल असं शेकडो वेळा दिसत असेल तर हेच झालंय. एडिटरमध्ये लाल रेघ दिसत नसेल तर व्हीएस कोडच्या स्टाईललिंट एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये व्हॅलिडेटच्या यादीत एससीएसएस जोडा.

हे सगळं निस्तरलं की आकडा बराच खाली येईल. आता उरलेल्यांतले कुठले एरर ठेवायचे.

जुन्या कोडवर मी पहिल्या दिवशी फक्त तेवढेच नियम एरर म्हणून ठेवतो ज्यांच्यावर टीममध्ये वादच होऊ शकत नाही, म्हणजे मोडला तर तिथे बग आहेच किंवा होणारच आहे. अननोन प्रॉपर्टी, अननोन युनिट, चुकीचा हेक्स. कॅल्क या आकडेमोडीच्या फंक्शनमध्ये अधिक-वजाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नसणं, हे फार होतं, १०० टक्के वजा ८० पिक्सेल हे सलग चिकटून लिहिलं की ब्राउझर अख्खी ओळ टाकून देतो आणि साइडबार का हलत नाही म्हणून आपण तासभर बघत बसतो. एकाच ब्लॉकमध्ये तीच प्रॉपर्टी दोनदा, यात मात्र फॉलबॅक म्हणून, म्हणजे जुन्या ब्राउझरला नवं युनिट कळलं नाही तर जुनं लागावं म्हणून, मुद्दाम दोनदा लिहिलेलं, उदाहरणार्थ हाइट आधी १०० व्हीएच आणि लगेच खाली १०० डीव्हीएच, ते चालतं, रेकमेंडेड या तयार कॉन्फिगमध्ये तशी सूट आहे. आणि माझा सगळ्यात आवडता डिक्लेरेशन-ब्लॉक-नो-शॉर्टहँड-प्रॉपर्टी-ओव्हरराइड्स. समजा एकानं कार्डला पॅडिंग-लेफ्ट २४ पिक्सेल दिलं, सहा महिन्यांनी दुसऱ्यानं त्याच ब्लॉकच्या शेवटी पॅडिंग १६ पिक्सेल जोडलं. डावीकडचे २४ गेले. दुसऱ्यानं वरचं वाचलंच नव्हतं, ब्लॉक ४० ओळींचा होता. आयकॉन मजकुरावर चढला आणि तो मोबाइलवरच दिसत होता म्हणून कळायलाही दोन आठवडे लागले. असल्या गोष्टी माणसाच्या नजरेतून सुटणारच, रिव्ह्यू करणारा कितीही हुशार असू दे.

बाकी सगळं, म्हणजे इम्पॉर्टंटवर बंदी, आयडी सिलेक्टर नको, नेस्टिंग तीनच्या पुढे नको, हे महत्त्वाचं आहे, पण वॉर्निंग म्हणून. प्रत्येक नियमाला सिव्हेरिटी, म्हणजे एरर की वॉर्निंग, वेगळी देता येते. आणि मग मॅक्स-वॉर्निंग्ज या पर्यायात आज जेवढ्या वॉर्निंग आहेत तोच आकडा लिहून टाका, समजा १,१४०. आता कोणी १,१४१ वी आणली तर बिल्ड अडतो, जुन्या १,१४० बद्दल कोणाला कोणी काही म्हणत नाही. दर शुक्रवारी अर्धा तास काढून कोणीतरी एक फाईल साफ करायची आणि आकडा तेवढा खाली आणायचा. आम्ही हे एका मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या साइटवर केलं, वर्षभर लागलं पण एकदाही स्वतंत्र स्प्रिंट मागावा लागला नाही.

हस्की आणि लिंट-स्टेज्ड (कमिटच्या आधी आपोआप तपासणी करणारी टूल) लावणार असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. लिंट-स्टेज्ड बदललेल्या फाईल तपासतं, बदललेल्या ओळी नाही. म्हणजे ९०० ओळींच्या फाईलमध्ये कोणी एक मार्जिन बदललं तरी पूर्ण फाईलचे एरर त्याच्या अंगावर येतात, संध्याकाळी सात वाजता, डिप्लॉयच्या आधी. तो माणूस नो-व्हेरिफाय (ही तपासणी टाळायचा पर्याय) टाकून कमिट करणार, आणि मी त्याला दोष देणार नाही. एरर मोजकेच ठेवा म्हणतो ते यासाठी. खरी अडवणूक सर्व्हरवरच्या बिल्डमध्ये करा, तिथे नो-व्हेरिफाय चालत नाही.

आता फिक्स, म्हणजे एरर आपोआप दुरुस्त करणं. सगळ्यांना हा पर्याय फार आवडतो, एक कमांड आणि दोन हजार एरर गायब. यात मी पोळलोय म्हणून सांगतो, अख्ख्या प्रोजेक्टवर एकदम चालवून तसंच मर्ज करू नका. स्टँडर्ड कॉन्फिग आरजीबीएचं (पारदर्शकतेसकट रंगाचं) जुनं लिखाण बदलून नवीन पद्धतीचं करतं, म्हणजे स्वल्पविराम जाऊन स्लॅश येतो आणि अर्ध्याचं ५० टक्के होतं. आधुनिक ब्राउझरला ते चालतं, पण तुमचा बिल्ड अजून जुन्या नोड-सासवर (एससीएसएसचं सीएसएस करणारं टूल) असेल तर तो तिथेच फुटतो. फुटला तर निदान कळतं तरी. त्याहून वाईट म्हणजे व्हेंडर प्रीफिक्स, प्रॉपर्टीच्या नावाआधी लागणारं वेबकिटसारखं ठरावीक ब्राउझरचं नाव. प्रॉपर्टी-नो-व्हेंडर-प्रीफिक्सचा फिक्स वेबकिट वगैरे काढून टाकतो, कारण त्यानं धरलेलं असतं की ऑटोप्रीफिक्सर बिल्डमध्ये ते परत घालणार. तुमच्याकडे ऑटोप्रीफिक्सर आहे का ते आधी बघा. आमच्याकडे एका प्रोजेक्टवर नव्हता. युजर-सिलेक्टला सफारीमध्ये वेबकिट लागतंच, तो गेला आणि आयफोनवर बटण जरा जास्त वेळ दाबलं की त्यावरचा मजकूर सिलेक्ट व्हायला लागला. ऑफिसात सगळ्यांकडे अँड्रॉइड, कोणाला दिसलंच नाही.

म्हणून पद्धत अशी ठेवा की एका वेळी एक नियम चालू, त्याचा फिक्स, त्याचा वेगळा कमिट, आणि चार-पाच मुख्य पानांचे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून बघायचे. प्रिटियरचा मोठा कमिट तर पूर्ण वेगळा. त्या कमिटचा हॅश गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज या फाईलमध्ये लिहून ठेवा आणि ती फाईल गिटच्या सेटिंगमध्ये सांगा, गिटला २.२३ पासून ही सोय आहे, नाहीतर पुढे ब्लेम (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली याची यादी) काढला की प्रत्येक ओळीवर तुमचंच नाव दिसेल आणि मूळ कोणी, का लिहिलं होतं तो इतिहास दिसेनासा होईल.

प्रॉपर्टींचा क्रम लावणारं स्टाईललिंट-ऑर्डर हे प्लगिन आहे, लोक पहिलं तेच लावतात. मी जुन्या कोडवर लावत नाही. क्रम बदलणं दिसायला निरुपद्रवी वाटतं, पण मधेच एखादं इन्क्लुड असेल, किंवा शॉर्टहँड आणि लाँगहँड (पॅडिंग आणि पॅडिंग-लेफ्टसारखे) मिसळले असतील तर ओळ वरखाली झाली की निकाल बदलतो. आणि अल्फाबेटिकल क्रमात टॉप, राइट, बॉटम, लेफ्ट हे चौघं चार दिशांना जातात, वाचायला मला तरी ते त्रासाचंच वाटतं.

मराठी साइट असेल, किंवा इंग्रजी साइटचं मराठी पान असेल, तर अजून एक सांगायचंय, हे तयार कॉन्फिगमध्ये कुठेच मिळणार नाही. डिझाइन बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांवर बनतं आणि हेडिंगला लेटर-स्पेसिंग २ पिक्सेल वगैरे असतं. रोमनमध्ये ते झोकदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर सुटं होऊन लटकतं, "महाराष्ट्र" हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दुसरं, लाइन-हाइट पिक्सेलमध्ये दिलेली असते, २० पिक्सेल, फॉन्ट मोबाइलवर मोठा होतो आणि लाइन-हाइट तिथेच राहते, मग ओव्हरफ्लो हिडन असेल तर वरचा रफार आणि वेलांटी कापली जाते, खालचा उकार कापला जातो. "वर्षे" चं "वषे" झालेलं मी छापील जाहिरातीइतक्या मोठ्या बॅनरवर बघितलंय. यासाठी कॉन्फिगच्या ओव्हरराइड्समध्ये मराठी फोल्डरसाठी वेगळे नियम टाका. डिक्लेरेशन-प्रॉपर्टी-व्हॅल्यू-अलाउड-लिस्टमध्ये लेटर-स्पेसिंगला फक्त नॉर्मल आणि ०, आणि डिक्लेरेशन-प्रॉपर्टी-युनिट-अलाउड-लिस्टमध्ये लाइन-हाइटसमोर रिकामी यादी, म्हणजे कुठलंही युनिट चालणार नाही, नुसता १.६ सारखा आकडाच लिहावा लागेल. फॉन्टच्या नावानंतर सॅन्स-सेरिफ लिहिलंय का हे बघणारा नियम रेकमेंडेडमध्ये आहेच, मुक्त किंवा नोटो हा देवनागरी फॉन्ट लोड व्हायच्या आधी पान कशात दिसणार हे त्यावर ठरतं. या नियमांना लिहायला दहा मिनिटं लागतात आणि देवनागरी न वाचणारा डेव्हलपरही मग देवनागरी मोडू शकत नाही.

लिंटरला काय दिसत नाही तेही टीमला सांगून ठेवा. न वापरलेला क्लास त्याला कळत नाही, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं वाचता येत नाहीत हे कळत नाही, लेआउट तुटलाय हेही कळत नाही. शून्य एरर म्हणजे पान बरोबर, असं कोणी समजायला लागलं तर ते लिंटर नसण्यापेक्षा वाईट.

राहिला प्रश्न नियम मोडायचा. मोडावा लागतो, दर प्रोजेक्टमध्ये लागतो. तिथे अख्खी फाईल डिसेबल करू नका, डिसेबल-नेक्स्ट-लाइन वापरा, त्यात नियमाचं नाव लिहा आणि दोन डॅश देऊन पुढे कारण लिहा. रिपोर्ट-डिस्क्रिप्शनलेस-डिसेबल्स चालू केलं की कारण न लिहिलेली कॉमेंट तो एरर म्हणून दाखवतो, आणि रिपोर्ट-नीडलेस-डिसेबल्स चालू केलं की ज्या कॉमेंटची गरजच उरली नाही तीही दाखवतो. कारण मराठीत लिहिलं तरी चालतं, आम्ही लिहितो. एका फाईलमध्ये "पेमेंटवाल्यांचं विजेट इनलाइन स्टाईल टाकतं म्हणून इम्पॉर्टंट" असं सात ठिकाणी लिहिलेलं होतं. दोन वर्षांनी टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीनं ते वाचलं आणि विचारलं की आपण तर ते विजेट मागच्या दिवाळीत बदललं ना? तिनं सातही इम्पॉर्टंट काढले, पान तपासलं, सगळं जागेवर. एक कॉमेंट काढायची तिच्याकडून राहिली होती, ती बिल्डनं दाखवली.